पाच विरुद्ध पाच: नियम बदलला की टीमचा खेळ का बदलतो

परळी तालुक्यातली धर्मापुरी केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरासाठी ओळखली जाते. फुटबॉलशी तिचं नाव कुणी जोडत नाही. तरी २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा राज्यभरातल्या शाळांना फुटबॉल वाटले गेले आणि १५ सप्टेंबरला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’खाली दहा लाख मुलांना मैदानात उतरवायचं ठरलं. बॉल मिळण्याची सोय झाली, पण पूर्ण मापाचं मैदान आणि एका वयाची बावीस मुलं एकत्र मिळणं धर्मापुरीएवढ्या गावांत सोपं नसतं. मग पीटीचे सर पाच-पाच जणांच्या दोन टीम पाडतात आणि अर्ध्या पटांगणावर खेळवतात. या खेळाबद्दल जे समज पक्के बसले आहेत, त्यांतले बरेच चुकीचे आहेत, आणि त्यामुळे मुलांचं नुकसान होतं.

समज: हा नाइलाजाचा खेळ आहे, खरा फुटबॉल अकरा जणांचाच.

आंतरराष्ट्रीय सामन्याचं नेहमीचं मैदान १०५ बाय ६८ मीटर असतं, म्हणजे ७१४० चौरस मीटर. बावीस जणांत ते वाटलं तर एकेकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर येतात. ४० बाय ३० मीटरच्या पट्ट्यात पाच विरुद्ध पाच खेळवले, तर एकाला मिळतात १२०. बॉल एकच आणि त्याच्यामागे दहाच जण, त्यामुळे प्रत्येकाच्या पायाला तो कितीतरी जास्त वेळा लागतो. अकरा जणांच्या खेळात नवख्या मुलाचा अर्धा वेळ लांब उभं राहून बघण्यात जातो, तो इथे जात नाही. म्हणूनच जगातले मोठे क्लबही सरावात हे छोटे सामने नेहमी खेळवतात. मैदानाची त्यांना कधीच वाण नसते.

आपल्याकडचं मोठं उदाहरण नागपूरचं. क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. ‘स्लम सॉकर’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे यांच्याच कामावर बेतलेला आहे. तिथली मुलं पुढे ज्या होमलेस वर्ल्ड कपला गेली, तो चार विरुद्ध चार खेळतात, गोलकीपर धरून. मैदान २२ बाय १६ मीटर आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. माणशी ४४ चौरस मीटर. एवढ्या जागेत बॉल पायाशी येण्याआधीच तो कुणाला द्यायचा हे ठरलेलं असावं लागतं.

समज: नियम बदलणं म्हणजे मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून केलेली गंमत.

माझ्या मते सगळ्यांत मोठी गफलत हीच. नियम बदलला की कुणी न सांगता टीमची उभं राहण्याची रीत बदलते. आपल्या पोरांना हे कबड्डीतून आधीच ठाऊक आहे. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असले की चढाईवाल्याला बोनस रेषेचा गुण मिळू शकतो, आणि बचाव करणाऱ्यांची नजर त्याच्या पायावर खिळते. तीन किंवा कमी उरले की सुपर टॅकलचा जादा गुण खुणावू लागतो, मग तेच खेळाडू धाडसाने पकडीला जातात.

फुटबॉलमध्येही तसंच घडतं. प्रत्येक बाजूला मधोमध एक गोल असेल, तर बचाव करणारी टीम मध्यभागी गोळा होते. त्याऐवजी दोन्ही कोपऱ्यांकडे एकेक छोटा गोल ठेवा, दोन विटांचा चालेल. आता राखायच्या जागा दोन झाल्या, म्हणून बचाव आडवा पसरतो. हल्ला करणारे एका बाजूला बॉल ठेवून सगळ्यांना तिकडे ओढतात आणि मग तो झटकन दुसऱ्या बाजूला फिरवतात. ‘बाजू बदल’ असं शंभरदा ओरडून जे येत नाही, ते दोन जादा विटा शिकवतात. गोल काढूनच टाकले आणि ‘बॉल ताब्यात ठेवा’ एवढंच सांगितलं, तर पुढे-मागे ही दिशाच उरत नाही. मुलं चहूकडे पांगतात, पास सुरेख होतात, पण गोलाकडे सरकायची ओढ संपते. गोलकीपरसह मोठा गोल परत आणला, की मागची फळी पुन्हा आकार घेते.

पट्ट्याच्या आकाराचंही तसंच. फक्कीने आखलेला पट्टा लांब आणि अरुंद असेल, तर खेळ सरळ पुढे जातो. रुंद आणि आखूड असेल, तर कडेने. जागा खूप आवळली तर झटापटी, वळणं आणि गोलावरचे फटके वाढतात. माणशी जागा वाढवली तर धावणं वाढतं आणि दम लागतो.

समज: एका टीमला जादा खेळाडू दिला की दुसरीवर अन्याय होतो.

चार विरुद्ध तीन खेळवून बघा. तिघांची टीम आपोआप आपल्या गोलाजवळ सरकते, एकमेकांतलं अंतर कमी करते आणि बॉल हिसकावण्याची घाई सोडून समोरच्याला रोखून धरते. बचावाचा हा धडा समसमान खेळात क्वचित मिळतो. चौघांना मोकळा गडी शोधण्याची सवय लागते. जादा खेळाडू एकाच टीमचा न राहता ज्या टीमकडे बॉल तिच्याच बाजूने खेळत असेल, तर तो इतरांपेक्षा कमी पळतो. म्हणून ती जागा फिरती ठेवावी, एकाच दमलेल्या किंवा लाजऱ्या मुलाला कायमची देऊ नये.

समज: ‘दोनच टच’ असा नियम केला की पास सुधारतात.

ज्यांना बॉल थांबवता येतो, त्यांचे सुधारू शकतात. नवख्यांच्या बाबतीत चुका वाढतात. घाबरून बॉल कुठेही मारला जातो, आणि चकवून पुढे जाणं हा एक पर्यायच मुलांच्या डोक्यातून निघून जातो. दहा वर्षांच्या पोराला हा नियम लावणं मला पटत नाही.

समज: छोटे सामने खेळले की बाकी कशाची गरज नाही.

हा उलट्या टोकाचा समज, आणि अलीकडे उत्साही प्रशिक्षकांत तो दिसतो. आखूड पट्ट्यात पूर्ण वेगाने धावायला जागाच नसते, म्हणून वेगाचा सराव वेगळा हवा. ऑफसाइडचा सापळा, लांबून येणारा क्रॉस, मागची फळी आणि गोलकीपर यांच्यातलं मोठं अंतर सांभाळणं, हे मोठ्या मैदानावरच कळतं. परळीत किंवा अंबाजोगाईत पूर्ण मैदान मिळत असेल, तर अधूनमधून मुलांना तिथे न्यायला हवं.

या विषयावरच्या अभ्यासांत खेळाडूंच्या अंगावर जीपीएस लावून टीमचा मध्यबिंदू, पसारा, लांबी-रुंदीचं प्रमाण मोजतात. त्यांतले बरेच अभ्यास थोड्या खेळाडूंवर आणि थोड्या दिवसांचे असतात. नियम लागू असताना वागणं बदलतं, हे त्यांतून स्पष्ट दिसतं. तो बदल मोठ्या सामन्यात किती टिकतो, हा वेगळा प्रश्न आहे.

समज: खेळ सोडून दिला की प्रशिक्षकाचं काम संपलं.

उलट ते आधी सुरू होतं. १९८२ साली इंग्लंडमधल्या बंकर आणि थॉर्प या दोघांनी शाळेतल्या खेळांसाठी मांडलं, की आधी खेळ समजू द्यावा, तंत्र त्याच्या गरजेतून शिकवावं. १९८६ मध्ये कार्ल न्यूवेल यांनी सांगितलं, की हालचाल घडते ती खेळाडू, भोवताल आणि नेमून दिलेलं काम या तिन्हींच्या मर्यादांतून. शिक्षकाच्या हाती सहज येतं ते तिसरं. म्हणून पट्टा आखण्याआधी एकच गोष्ट ठरवावी: आज टीमकडून काय करून घ्यायचं? रुंद पसरणं हवं असेल तर कोपऱ्यांत गोल, जवळ राहून बचाव हवा असेल तर एक गडी कमी. एका दिवशी दोन-तीन नियम एकदम लावले, तर कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

आणि शेवटची दहा मिनिटं सगळे जादा नियम काढून साधा खेळ खेळवावा, मधोमध एकेक गोल ठेवून. कोपऱ्यांतल्या गोलांचा सराव झाला असेल आणि या साध्या खेळातही मुलांनी न सांगता बॉल दुसऱ्या बाजूला फिरवला, तर पुढच्या वेळी दुसरा नियम घ्यावा. नाही फिरवला, तर पुढच्या सरावातही विटा कोपऱ्यांतच ठेवाव्यात.