परिवीक्षा काळ आणि कार्यालयातील कन्नड
राज्य पुनर्रचनेनुसार 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि 1963 च्या राजभाषा कायद्याने कन्नड ही राज्यकारभाराची भाषा ठरली. त्यामुळे बेळगाव-निपाणी भागात मराठी माध्यमातून शिकलेल्या तरुणाला शासकीय नोकरीच्या पहिल्या महिन्यांत कामाइतकेच भाषेशीही जुळवून घ्यावे लागते. परिवीक्षा काळ, म्हणजे नेमणूक कायम करण्यापूर्वी कर्मचाऱ्याची योग्यता पारखण्याचा अवधी, याच वेळी सुरू होतो आणि 1977 च्या राज्य नियमांनुसार तो सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षांचा असतो. निपाणीच्या बाजारात कानावर पडणारे कन्नड येथे पुरत नाही, कारण फाइलीला ‘कडत’ आणि परिपत्रकाला ‘सुत्तोले’ म्हणणारी लेखी भाषा निराळी आहे. महसूल खात्यातील ‘पहणी’ हा शब्द तर मराठी माणसाला पाहणीचा वाटतो, प्रत्यक्षात तो सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा असतो. म्हणून जुन्या फाइलींतील टिप्पण्या, म्हणजे निर्णयापूर्वी नोंदवलेली कारणे, रोज वाचून उतरवून काढणे हाच सर्वांत खात्रीचा अभ्यास होय, आणि अडेल तेथे ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. अशा कर्मचाऱ्याचे मराठीही वाया जात नाही. खिडकीपाशी आलेल्या मराठी शेतकऱ्याला कन्नड उताऱ्याचा अर्थ तोच समजावून देऊ शकतो.