फिजिक्सची एमएस्सी: दोन वर्षं कशासाठी?

बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्या हुशार मुलामुलींना हल्ली पहिला सल्ला मिळतो तो थेट इंटिग्रेटेड पीएचडीचा. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर इथे पदवीनंतर लगेच असा प्रवेश मिळू शकतो. त्यात २०२२च्या यूजीसी नियमांनी चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्यांना एमएस्सीशिवाय पीएचडीची वाट मोकळी केली. मग विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आणखी दोन वर्षं कशाला, असं पालक विचारतात. तरीही बहुतेकांनी आधी एमएस्सीच करावी, असं मला वाटतं. कारण साधं आहे. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि जर्नल त्या बेताने भरलं जातं. त्या जोरावर ‘मला थिअरीच आवडते’ म्हणणाऱ्याला प्रयोग म्हणजे काय हे अजून दिसलेलंच नसतं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी काचपट्टीवर पातळ थर चढवायचा असतो. पंपाने निर्वात होईपर्यंत तासन्‌तास थांबावं लागतं आणि एवढं करून एक्स-रे आलेखातली शिखरं पुस्तकातल्या जागी येतच नाहीत. इथे कुणाचं डोकं पिकतं, तर कुणाचा पाय प्रयोगशाळेतून निघत नाही. पाच-सहा वर्षांची पीएचडी पत्करण्याआधी आपण यांतले कोण, हे कळलेलं बरं.

वेळ वाया जातो, हा आक्षेप फारसा टिकत नाही. इंटिग्रेटेड अभ्यासक्रमातही सुरुवातीचा बराच काळ क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स यांच्या तासांतच जातो. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात हे खरं, पण तिथेही आधी कोर्सवर्क असतं. जर्मनीत तर साधारणपणे मास्टर्सशिवाय पुढे जाता येत नाही. पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. जेआरएफचे महिना ३७,००० रुपये मिळतात ते संशोधनाला लागल्यावर; एमएस्सीला उलट फी भरावी लागते. घरची ओढाताण असेल आणि मुलाची खात्री पक्की असेल, तर विद्यावेतन देणारी संस्था त्याने जरूर घ्यावी.

शिवाय एमएस्सीनंतर पीएचडी हा एकच रस्ता नाही. नेट किंवा सेट देऊन प्राध्यापकी आहे, गेट देऊन एमटेक आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिओलॉजिकल फिजिक्स पदविकेबद्दल तर फारच कमी बोललं जातं. एका वर्षाच्या या पदविकेवर कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. किरणोपचाराचं यंत्र ठरल्याइतकाच डोस देतंय ना, हे पाण्याच्या टाकीत आयनीभवन कक्ष बुडवून मोजणारा माणूस तो. चूक झाली तर तिचा भार रुग्णाच्या शरीरावर पडतो.

विद्यापीठांच्या प्रयोगशाळा जुनाट असतात, ही तक्रार पुष्कळ ठिकाणी रास्त आहे. म्हणून विद्यापीठाचं नाव बघून फॉर्म भरू नका. आधी विभागात जा, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि प्रोजेक्ट कुणाकडे, कोणत्या उपकरणावर होतो, ते उपकरण सध्या चालू आहे का, एवढं विचारा.