नगरच्या उन्हाळ्यात स्वस्त गिटार का बरी?

महागड्या अकॉस्टिक गिटारची वरची फळी बहुधा अखंड लाकडाची असते, स्वस्त गिटारची प्लायवूडची. अखंड लाकूड जास्त मोकळं वाजतं, यात वाद नाही. पण त्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली हवा याहून खूपच कोरडी असते. मग लाकूड आकसतं आणि फळीला तडा जाऊ शकतो. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते सहज तडकत नाही. गिटार वर्षभर भिंतीलाच टांगायची असेल, तर नवशिक्याने खुशाल स्वस्त घ्यावी. फक्त दुकानात बाराव्या फ्रेटवर तारांची उंची पाहावी. ती ३ मिलिमीटरच्या बरीच वर असेल, तर तारा दाबताना बोटं दुखतात आणि अनेकांचं शिकणं तिथंच थांबतं.