पुन्हा आलेलं नैराश्य आणि डॉक्टरांचे प्रश्न

मागच्या वेळी एका श्रोत्यानं विचारलं होतं, "नैराश्य तिसऱ्यांदा आलंय, तरी मानसोपचारतज्ज्ञ पहिल्यापासून सगळं का विचारतात?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नव्हे. पण हा प्रश्न ज्ञानमीमांसेचाही आहे, तेव्हा आज तोच घेऊ.

आपण ४५ वर्षांचा एक गृहस्थ कल्पू. पहाटे तीनला झोप मोडते, जेवणावरची वासना उडालीय, आवडीचं गाणंही नको वाटतं. असं जवळपास रोज, निदान दोन आठवडे चाललं की डॉक्टर आजाराचा विचार करतात. मधे दोनेक महिने बरे जाऊन ते परत आलं, तर तो पुनरावर्ती.

आता त्याला विचारा, "पूर्वी कसे होता?" तो म्हणेल, "मी कायमच असा आहे." खोटं नाही बोलत तो. खिन्न मनाला खिन्न आठवणीच आधी सापडतात. साक्षीदार प्रामाणिक, पण साक्ष आजच्या मनःस्थितीत रंगलेली! म्हणून डॉक्टर पत्नीला विचारतात, जुने कागद मागतात. त्यातला फार मोलाचा प्रश्न उलटाच वाटतो: कधी चार-आठ दिवस असे गेले का, की झोप कमी होऊनही उत्साह मावत नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, पैसा वारेमाप उडाला? रुग्णाला ते दिवस आजाराचे वाटतच नाहीत. पण तसं असेल तर आजार द्विध्रुवीय असू शकतो. मग नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी उन्माद उसळण्याचा धोका असतो, लिथियमसारख्या औषधाचा विचार करावा लागतो. थायरॉइड, दारू, इतर चालू औषधं, हेही पाहतातच.

"जीव द्यावासा वाटतो का?" या प्रश्नाला घरचे दचकतात. असलं काही त्याच्या डोक्यात घालू नका, म्हणतात. विचारल्यानं तो विचार रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

उपचारात मानसोपचाराच्या बैठकी असतात, गोळ्या असतात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात! इथं काही जण सोडतात. बाकीचे सोडतात ते बरं वाटल्यावर. वारंवार येणाऱ्या नैराश्यात बरं झाल्यावरही बहुधा दोन वर्षं किंवा जास्त औषध चालू ठेवायला सांगतात, आणि थांबवायचं तेव्हाही डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. पण आपला गृहस्थ म्हणतो, "आता मला काही होणार नाही." आजारात तो म्हणत होता, मी कायमच असा. चूक एकच आहे बघा: आजचा दिवस मागच्या-पुढच्या सगळ्या काळावर पसरतो.

यावर एक साधी सोय आहे. बऱ्या दिवसांतच, पत्नीसोबत बसून, त्यानं कागदावर लिहावं: गेल्या खेपेला आधी काय बिघडलं? झोप? फोन न उचलणं? खाली डॉक्टरांचा नंबर आणि सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६. तो कागद पत्नीकडेही असावा.