किरण आला की आली?

१९७८ साली नवेगाव बांधच्या शाळेत आमच्या चौथीच्या वर्गात तीन किरण होते. दोघं पोरं, एक पोरगी. गुरुजींना नुसत्या पहिल्या नावाने हजेरी घ्यायची सवय. पोरीच्या नावाआधी हजेरीपटात 'कु.' होतं, तेवढाच काय तो फरक. एकदा घाईत त्यांनी 'कु.' गाळलं आणि तिघंही एका दमात 'हजर' म्हणून उभे राहिलो. वर्ग हसला, गुरुजी नाही.

आजोबांच्या वेळी असा घोळ होणं अवघडच. मंगळवारी जन्मला तो मंगरू, जन्मली ती मंगरी. पुढे मोठेपणी कुणाला राव, कुणाला बाई. बाप्या की बाई, ते नावाच्या शेपटावरून कळायचं. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असत त्या जुन्या कोतवाल बुकात तर पुष्कळदा लेकराचं नावच नसे. बापाचं नाव, पुढे मुलगा की मुलगी, झाली नोंद. आमच्या किरणचं नेमकं उलटं: नाव आहे, बाकी कळत नाही.

हे नाव दोन्हीकडे कसं चाललं? माझा तर्क भाषेवर आहे. किरण म्हणजे प्रकाशाची रेषा. मराठीत तो किरण, हिंदीत मात्र ती. आमचा मुलूख पडला सीमेवरचा. घरात झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी. त्यामुळे पोरगा झाला तरी नाव शोभे, पोरगी झाली तरी. कमलचंही तसंच. आमच्याकडे कमल म्हणजे मावशी, तिकडे छिंदवाड्यात कमलनाथ!

१९७२ साली किरण बेदी देशातल्या पहिल्या महिला आयपीएस झाल्या. ऐंशीच्या दशकात यष्टींमागे किरण मोरे उभे राहिले आणि आम्हा दोघा पोरांची कॉलर ताठ झाली. पुढे पक्षीवेडे किरण पुरंदरे शेजारच्या नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले, 'सखा नागझिरा' लिहिलं. तोवर मला मात्र एका कचेरीतून 'श्रीमती किरण' अशी पत्रं येत होती. दोनदा अर्ज दिला. तिसरं पत्र 'कुमारी' म्हणून आलं.

मराठीत नाव गप्प बसलं तरी क्रियापद चहाडी करतंच. किरण आला, किरण आली. कागदावर क्रियापद नसतं, तिथेच सगळी पंचाईत.

गेल्या वर्षी नातीचं बारसं झालं. सुनेने मोबाईलवर यादी काढली. पोरांची नावं बहुतेक 'अंश' लावलेली, पोरींची ईकारान्त. म्हणजे नवी म्हणायची ती नावं, पण शेपूट पुन्हा आलंच की! मी हळूच किरण सुचवलं. "बाबा, ते जुनं झालं," सून म्हणाली. आरोही ठेवलं. छान आहे, तक्रार नाही.

बारशाला वर्गातली ती तिसरी किरणही आली होती. तिलाही आता दोन नातवंडं आहेत. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर अजून 'कु. किरण' म्हणूनच आहे.