परदेशातील कामाचा परवाना : गावातच घ्यावयाची दक्षता

सोलापूर शहर बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांच्या बळावर वाढले. 1877 साली येथे कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचा व्यवसाय नावारूपास आणला. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि रोजगारासाठी बाहेर जाण्याची वेळ सोलापूरकरांवरच आली. 1973 नंतर तेलाच्या वाढत्या उत्पन्नावर आखाती देशांत बांधकामांची लाट आली व गवंडी, सुतार, वाहनचालक यांना तेथे मागणी निर्माण झाली. दागिने गहाण टाकून वा कर्ज काढून या वाटेने जाणाऱ्या तरुणास एका गोष्टीची माहिती असणे अगत्याचे आहे.

परवाना कोण मिळवितो?

आखाती देशांत कामाचा परवाना सामान्यतः कामगार स्वतः मिळवीत नाही. तो तेथील मालकाने आपल्या सरकारकडून मिळवावयाचा असतो. त्या आधारेच कामगारास नोकरीचा व्हिसा मिळतो आणि तेथे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी होऊन निवासाचे ओळखपत्र दिले जाते. यावरून हे उघड आहे की, “आता पर्यटक म्हणून जा, परवाना तेथे गेल्यावर मिळेल,” असे सांगणारा मध्यस्थ कामगारास संकटात लोटीत असतो. पर्यटन व्हिसावर काम करणे हा त्या देशांत गुन्हा ठरतो. अशा कामगारास थकलेल्या वेतनाची दाद मागणेही कठीण जाते.

भारतीय कायद्याचे संरक्षण

1922 चा जुना कायदा मागे पडून 1983 साली उत्प्रवासन अधिनियम संमत झाला. या अधिनियमाने नोंदणीपत्राशिवाय परदेशातील कामासाठी भरती करण्यास मनाई केली. नोंदणीकृत भरती एजंटास कामगाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर एवढी ठरविण्यात आली. रक्कम पावती घेऊनच द्यावी.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीस सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान आदी 18 देशांत कामासाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकांची मंजुरी लागते. त्यांचे कार्यालय मुंबईत आहे आणि अर्ज ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर करता येतो. मंजुरीपूर्वी करारातील वेतन व सेवाशर्ती तपासल्या जातात. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

येथे एक बाब ध्यानी घ्यावी. दहावी उत्तीर्ण तरुणास ही मंजुरी लागत नाही. परंतु त्यामुळेच त्याचा करार कोणी तपासूनही पाहत नाही. शिकलेल्यास सवलत मिळाली, तशी तपासणीची जबाबदारीही त्याच्यावरच आली.

गावाने काय करावे?

या कामी शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळेच्या दाखल्यावरील नाव व जन्मतारीख पारपत्राशी जुळते किंवा नाही, हे शिक्षकांना पाहता येईल. एजंटाचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर पडताळणे ग्रामपंचायतीच्या संगणकावरही शक्य आहे. पैसे देण्यापूर्वी करार मराठीतून वाचून दाखवावा. वेतन, कामाचे तास, निवास व परतीचे भाडे यांचा त्यात उल्लेख आहे ना, हे पाहावे. पारपत्र, व्हिसा व करार यांची एक प्रत घरी ठेवण्यास कुटुंबास सांगावे. पुढे तक्रारीचा प्रसंग आलाच, तर भारतीय दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर ती नोंदविताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

परदेशी जाण्याच्या उमेदीस आवर घालण्याचे कारण नाही. मात्र विमानात बसल्यानंतर जी चूक सुधारणे दुरापास्त होते, ती गावातच एका तासाच्या पडताळणीने टाळता येते. तो एक तास संबंधित तरुणासाठी देणे, ही गावातील प्रत्येक जाणत्याची जबाबदारी आहे.