चालवली तरच टिकते

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला थाप वाटते, पण शाळेतलं रसायनशास्त्रच आहे ते. पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि त्यांची वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते. इंजिन, सायलेन्सर पुरते तापलेले असले तर ती निघून जाते. नसले तर आतच तिचं पाणी होतं. मग सायलेन्सर आतून गंजतो आणि थोडं पाणी इंजिन ऑइलमध्येही उतरतं. विलेपार्ल्यात एखाद्या जुन्या सोसायटीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली फियाट उभी असते. मालक दर रविवारी तिला दोन मिनिटं घुरघुरवतो, समाधानाने बंद करतो आणि नाश्त्याला वर जातो. त्याला वाटतं, आपण गाडी जपतोय. प्रत्यक्षात तो तिला दर आठवड्याला थोडं थोडं पाणी पाजत असतो.

अजिबात सुरू न करणं हाही उपाय नाही. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, त्यामुळे चाकामागचे ब्रेक सिलिंडर आतून गंजून अडकतात. रबरी सील सुकतात, बॅटरी बसते, टायर जिथे टेकतो तिथे चपटा होतो. त्यात मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस आणि उरलेले आठ महिने समुद्राची दमट हवा. म्हाताऱ्या गाडीला यावर एकच औषध लागू पडतं : महिन्यातून एकदोनदा तिला अर्धा-पाऊण तास नीट पळवायचं.

आता गंमत पाहा. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी करायची तर 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पुढच्या नोंदणीला 5 हजार. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक अभ्यासासाठी, रॅलीसाठी, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला बंदी, धंद्यालाही बंदी. म्हणजे विलेपार्ल्यातल्या नेहरू रोडवर भाजी आणायला ती नेली तर नियम मोडला.

यंत्र म्हणतं मला पळव, कायदा म्हणतो कारण दाखव. या दोघांच्या मध्ये जुन्या गाड्यांचा क्लब उभा आहे. रविवारची रॅली, प्रदर्शन, एखाद्या संस्थेच्या मदतीचा कार्यक्रम हे सगळं हौशी श्रीमंतांचं मिरवणं आहे, असं पुष्कळांना वाटतं. मिरवणं त्यात आहेच, मी नाही म्हणणार नाही. पण या गाडीला जिवंत राहायला चारचौघांत जावं लागतं, हेही तितकंच खरं.

मुंबईत या जगाचं मुख्य नाव म्हणजे विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया. त्यांची वार्षिक रॅली बहुतेक वेळा फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलहून सुटत आली आहे. या क्लबाचं वजन किती, याचा पुरावा अगदी रुक्ष जागी सापडतो. 2002 च्या मोटार विम्याच्या दरपत्रकात विंटेज गाडीची व्याख्या आहे : 1940 अखेरपर्यंत बनलेली आणि या क्लबाने तसा दाखला दिलेली. अशा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 25 टक्के सूट. हौशी लोकांच्या संस्थेचं नाव देशाच्या विमा दरपत्रकात यावं, हे मला एखाद्या चकाकत्या रोल्स-रॉइसपेक्षाही नवलाचं वाटतं. शहरातली दुसरी संस्था वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, स्थापना 1919. मुंबईहून अँबी व्हॅलीकडे जाणारी तिची महिलांची रॅली प्रसिद्ध आहे. त्यात गाड्या सजवून सामाजिक संदेश मिरवले जातात.

रॅली सुटायच्या आधीचा अर्धा तास खरा पाहण्यासारखा. विजेचा स्टार्टर नसलेल्या गाडीला पुढून हँडल मारावं लागतं. मालक आधी स्टिअरिंगजवळची एक छोटी दांडी सरकवतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडते. मग खाली वाकून हँडल धरतो, पण मूठ आवळत नाही; अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतो. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं, आणि अंगठा हँडलभोवती असला तर मोडतो. खालून वर एक जोरदार ओढ, एक फुसका आवाज, पुन्हा ओढ, आणि मग सगळा सांगाडा थरथरायला लागतो. भोवतीची पोरं टाळ्या वाजवतात. मालकाने शंभर वेळा केलेलं असतं, तरी तो हसतोच.

यातून मदतीचे पैसे कसे उभे राहतात? पार्लेकरांना हे समजवायला नको. 1921 चं पार्ले टिळक विद्यालय आणि 1923 चा लोकमान्य सेवा संघ ज्या गावाने उभा केला, त्याला पावतीपुस्तकाची सवय आहे. मदतीसाठी लावलेल्या नाट्यप्रयोगासारखाच हा हिशेब : नट मानधन सोडतात, तसा गाडीमालक पेट्रोल, मेकॅनिक आणि रविवार स्वतःच्या खिशातून देतो. जमा बाजूला प्रवेश फी, प्रायोजकाचा फलक, प्रदर्शनाचं तिकीट आणि स्मरणिकेतल्या जाहिराती. बरीचशी रक्कम जाहिरातींतून येते. त्या गोळा करणारा माणूस रॅलीत कुठे दिसत नाही, पण खरं काम त्याचं. खर्चाला टोइंगची गाडी, परवानग्या, रुग्णवाहिका, नाश्ता. तिकीट लावून लोकांना फेऱ्या घडवाव्यात, असं कुणाच्याही मनात येईल. पण विंटेज नोंदणीच्या गाडीला धंदा वर्ज्य आहे, त्यामुळे ती वाट सरळ नाही. शेवटी व्यासपीठावर तो पुठ्ठ्याचा भलामोठा चेक येतो. त्या चेकचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही. आकड्यापेक्षा जमलेली गर्दी मोलाची, कारण नुसत्या पत्रकाने ती आली नसती.

कॅलिफोर्नियात पेबल बीचला 1950 पासून जुन्या गाड्यांचा मेळा भरतो आणि तिथे अलीकडे दरवर्षी वीस लाख डॉलरच्या वर मदतनिधी जमतो. आपल्याकडे ते प्रमाण नाही. पण आपल्याकडे दुसरी एक सुरेख गोष्ट रुजली आहे, आणि तिला जुनीच गाडी हवी असंही नाही. दृष्टिहीनांची रॅली. गाडी चालवणारा डोळस, त्याला मार्ग माहीत नाही. शेजारी बसलेल्या दृष्टिहीन व्यक्तीच्या मांडीवर ब्रेलमधलं मार्गपुस्तक. बोटांनी वाचून ती सांगते : पुढच्या चौकात डावीकडे, इतक्या अंतरावर उजवीकडे, अमुक वेग ठेवा. वाटेत लपलेली तपासणी ठाणी असतात. उशिरा पोचलात तर गुण कापतात, लवकर पोचलात तरीही कापतात. त्यामुळे जोरात हाकून काही साधत नाही, आणि गाडीत शब्द चालतो तो वाचणाऱ्याचा.

जुन्या गाडीला समाजात स्थान देण्याची आणखी एक रीत कोल्हापुरात आहे. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते. ती पाहायला पैसे पडत नाहीत, आणि ती आली नाही तर लोकांना चुकल्यासारखं वाटेल.

आता पुन्हा ताडपत्रीखालच्या फियाटकडे. पार्ल्यापासून जवळ, कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. तिथे 1950 च्या दशकात फियाट 1100 बनू लागली आणि 1974 मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. टॅक्सी म्हणून मुंबईत तिला वीस वर्षांचं आयुष्य होतं; शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. पुढच्याच वर्षी, 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी पन्नाशी गाठली आणि कायद्याच्या लेखी त्या राजेरजवाड्यांच्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसल्या. विमा दरपत्रकाला त्या अजून चालत नाहीत, कारण तिथला 1940 जागचा हललेला नाही. नोंदणीच्या नियमातली पन्नाशी मात्र दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते. आता क्लबाच्या दारात येतील त्या मध्यमवर्गीय घरांतल्या गाड्या : स्टिअरिंगवरचे गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, आणि मालक बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे, आणि सोसायटीच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला : ही चालते तरी का?